टीव्हीवरचा शेफ, घरचा ओटा आणि हॉटेलचा गल्ला

चिमूटभर:
१९६२ साली बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच वाहिनीवर पुस्तकांवरच्या गप्पांचा एक कार्यक्रम चालायचा. ज्युलिया चाइल्ड यांचं फ्रेंच पाककलेवरचं जाडजूड पुस्तक आदल्या वर्षी आलं होतं, म्हणून त्यांना बोलावलं. बाई येताना शेगडी, पॅन, अंडी सगळं बरोबर घेऊन आल्या आणि पुस्तकाबद्दल बोलता बोलता ऑम्लेट करून मोकळ्या झाल्या. प्रेक्षकांची पत्रं आली, यांना पुन्हा बोलवा. पत्रं किती, तर २७. तेवढ्यावर वाहिनीने मनावर घेतलं आणि ११ फेब्रुवारी १९६३ ला 'द फ्रेंच शेफ' सुरू झाला.

ऑम्लेट मिनिटभरात होतं, त्यामुळे ते टीव्हीला सोसतं. पण नव्या कार्यक्रमाच्या पहिल्याच भागात बाईंनी बुफ बुर्गिन्याँ केलं. वाइनमध्ये दोन-अडीच तास मंद आचेवर शिजणारं मांस, आणि कार्यक्रम अर्ध्या तासाचा! मग टीव्हीवर करतात काय, तर एक भांडं ओव्हनमध्ये सरकवायचं आणि आधीच शिजवून ठेवलेलं दुसरं बाहेर काढायचं. साठ वर्षं उलटली तरी ही युक्ती जशीच्या तशी चालू आहे.

मला या धाग्यात मांडायचंय ते एवढंच, की टीव्ही स्वयंपाकातला वेळ कापतो. कांदा खरोखर कॅरमलाइज व्हायला मंद आचेवर पाऊण तास सहज जातो. पडद्यावर तो जाहिरातीआधी कच्चा असतो आणि जाहिरातीनंतर गडद तपकिरी. बाजारहाट, निवडणं, धुणं, आच कमी-जास्त करत उभं राहणं, मधेच ओटा पुसणं, शेवटी खरकटी भांडी, सगळं कात्रीखाली जातं. पण कापलेला वेळ नाहीसा होत नाही. तो कुणाला तरी द्यावाच लागतो. घरी करणारा तो संध्याकाळी सात वाजता देतो, पोरं भुकेने कलकलत असताना. आणि हॉटेलवाला देतो, कारण गिऱ्हाईक टीव्हीवरचं घड्याळ डोक्यात घेऊन टेबलावर बसलेलं असतं.

कार्यक्रम वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येईल. मी स्वतः तासन्‌तास बघतो. पण त्यांनी हाताला नेमकं काय शिकवलं आणि अपेक्षा किती वाढवल्या, याचा हिशेब एकदा व्हायला हवा. इथे धंद्यातली मंडळी आहेत, घरी रोज रांधणारी आहेत. बोला.

रोमात_असतो:
वाचतोय. या धाग्यासाठी लॉगिन केलं. गल्ल्यावरच्या काकांची वाट बघतोय.

उलथणं:
धागा आवडला, पण मी थोडी उलट बाजू मांडते.

मला कुणी हाताला धरून स्वयंपाक शिकवला नाही. जे आलं ते कार्यक्रम बघून. त्यातले पदार्थ मी फारसे केले नाहीत, लक्षात राहिल्या त्या सवयी. सुरी धरताना पात्याचा मागचा भाग अंगठा आणि तर्जनीत पकडायचा, दुसऱ्या हाताची बोटं आत वळवायची आणि पेरांच्या आधाराने सुरी चालवायची. पुस्तकात हे चार ओळींत लिहिलेलं असतं आणि कळत नाही. पडद्यावर दोन सेकंदांत कळतं. मीठ वरून, हात उंच धरून का टाकायचं (सगळीकडे सारखं पडतं म्हणून), मांस शिजल्यावर लगेच का कापायचं नाही, पॅन गच्च भरला की पदार्थ भाजला न जाता वाफेवर का शिजतो, हेही तसंच. हे ज्ञान पूर्वी व्यावसायिक किचनच्या भिंतीआड होतं. टीव्हीने ते फुकट वाटलं.

आणि ओट्यावर त्या छोट्या वाट्या मांडून ठेवायची पद्धत. लोक हसतात तिला. पण फोडणी पेटल्यावर डबे शोधत फिरायची माझी सवय त्या वाट्यांनीच सुटली. वाट्या धुवाव्या लागतात, हे मान्य. इतपत वेळ मी देते.

अजून एक. स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकलेले बरेच पुरुष या कार्यक्रमांमुळे आत आले. १९९९ साली 'द नेकेड शेफ'मध्ये जेमी ऑलिव्हर हा तरुण ब्रिटिश शेफ मोजमाप न करता, हाताने फाडून, पसारा करत रांधायचा, त्याने बऱ्याच तरुण पोरांची भीड चेपली. पसारा कोण आवरतं हा वेगळा धागा होईल.

चिमूटभर:
उलथणं ताई, सवयींचा मुद्दा चोख आहे. त्या वाट्यांना मी नावं ठेवणार होतो, आता गप्प बसतो.

तळटीप:
थोडा इतिहास, मग मत.

अमेरिका आणि इंग्लंड, दोन्हीकडे टीव्हीवरच्या स्वयंपाकाची सुरुवात एकाच वर्षीची. १९४६ साली अमेरिकेत एनबीसीवर जेम्स बिअर्ड आणि इंग्लंडमध्ये बीबीसीवर फिलिप हार्बेन. इंग्लंडात तेव्हा रेशन चालू होतं, म्हणजे प्रेक्षकाला जे मिळत नाही ते दाखवून चालत नव्हतं. बिअर्डचा कार्यक्रम बोर्डन या दुग्धपदार्थांच्या कंपनीने पुरस्कृत केला होता. म्हणजे स्वयंपाक दाखवायचा आणि त्याच्या आडून काहीतरी खपवायचं, ही जोडी जन्मापासूनची आहे. कालपरवाचं पाप नाही.

आणि खपतं किती, तर ब्रिटनमध्ये टीव्हीवर स्वयंपाक शिकवणाऱ्या डिलिया स्मिथ यांचं उदाहरण बघा. १९९८ च्या त्यांच्या 'हाउ टू कुक' या मालिकेची सुरुवात अंडं उकडण्यापासून होती. बाकीच्या नामवंत शेफनी तेव्हा नाकं मुरडली, की आता पाणी कसं उकळायचं तेही शिकवा. त्याच मालिकेत त्यांनी एका छोट्या ऑम्लेट पॅनचं कौतुक केलं. तो बनवणारा कारखाना लहानसा होता, वर्षाला जेमतेम २०० पॅन विकायचा. पुढच्या चार महिन्यांत ९०,००० गेले! त्या काळात सुपरमार्केटवाल्यांना डिलिया पुढच्या भागात काय वापरणार आहेत हे आधी कळलं नाही, तर फडताळं रिकामी पडायची.

आता माझं मत. पॅन ९०,००० विकले गेले म्हणजे ऑम्लेटं रोज ९०,००० घरांत झाली असं नाही. वस्तू विकत घेणं आणि स्वयंपाक करणं यात अंतर आहे, आणि ते बहुतेकांच्या वरच्या कपाटात बघायला मिळतं. मायकेल पोलन या अमेरिकन लेखकाने २००९ साली हे बरोबर पकडलं होतं. अमेरिकन माणूस तेव्हा दिवसाला सरासरी २७ मिनिटं स्वयंपाकावर घालवायचा. ज्युलिया चाइल्ड टीव्हीवर आल्या तेव्हाच्या निम्म्याहून कमी. आणि 'टॉप शेफ' या टीव्हीवरच्या स्पर्धेचा एक भाग बघायला जेवढा वेळ लागतो त्याच्याही निम्म्याहून कमी.

उलथणं:
तळटीप, सरासरी फसवी असते हो. नोकऱ्या, तयार जेवणं, फ्रोजन पाकिटं, मायक्रोवेव्ह, ही सगळी कारणं त्या २७ मिनिटांत आहेत. टीव्हीच्या माथी सगळं का? आणि अंडं उकडायला शिकवणाऱ्या डिलियाबाईंना हसणाऱ्यांना काही कळत नव्हतं. अंडं नीट उकडता न येणारी माणसं भरपूर असतात, ती फक्त विचारायला लाजतात.

तळटीप:
सगळं टीव्हीच्या माथी नाही, मान्य. पण एक फरक करू या. शिकवणारे कार्यक्रम वेगळे आणि लढवणारे वेगळे. योगायोग बघा, १९९३ या एकाच वर्षात अमेरिकेत फूड नेटवर्क ही खाण्यापिण्याची वाहिनी सुरू झाली, आपल्याकडे झीवर 'खाना खजाना' आणि जपानमध्ये फुजी टीव्हीवर 'आयर्न शेफ'. संजीव कपूर हे शिकवणाऱ्या परंपरेतले. साहित्य सांगणार, प्रमाण सांगणार, करून दाखवणार. 'आयर्न शेफ' म्हणजे सरळ आखाडा. एक घटक पदार्थ जाहीर करायचा, तासभराचं घड्याळ लावायचं, शेजारी समालोचन. पुढच्या वीस वर्षांत आखाडा जिंकला. फूड नेटवर्कनेही संध्याकाळचा मोक्याचा वेळ हळूहळू स्पर्धांना दिला.

स्पर्धा बघून तुम्ही तो पदार्थ करू शकत नाही. प्रमाण नाही, क्रम नाही, आच किती ते नाही. घाम, रडू आणि घड्याळ, एवढंच हाती लागतं. लोकप्रियता म्हणाल तर २०१० साली ऑस्ट्रेलियात निवडणुकीपूर्वीची पंतप्रधानपदाच्या उमेदवारांची टीव्हीवरची चर्चा 'मास्टरशेफ'च्या अंतिम फेरीशी टक्कर नको म्हणून तासभर अलीकडे घेतली. गिलार्ड आणि अॅबट, दोघांनीही स्वयंपाकापुढे माघार घेतली.

शिळोप्याचा:
शहाणे पुढारी.

उलथणं:
त्याच ऑस्ट्रेलियन मास्टरशेफमध्ये शुक्रवारी मास्टरक्लास असायचा, त्यात परीक्षक स्वतः नीट करून दाखवायचे. मी फक्त तेच बघायचे. पण तो भाग बाकीच्यांना कंटाळवाणा वाटायचा, हे खरं आहे.

गल्ल्यावरचा:
आलो. आज गर्दी कमी होती.

धंद्याच्या बाजूने सांगतो. बरीच वर्षं गल्ल्यावर आणि त्याआधी आत किचनमध्ये काढलीत.

टीव्हीमुळे गिऱ्हाईक हुशार झालं का? झालं. पूर्वी लोक 'चांगलं होतं' किंवा 'खारट होतं' एवढंच म्हणायचे. आता सांगतात, की सॉस फुटलाय, मासा जास्त शिजलाय, पास्ता दाताला लागायला हवा होता. यातलं बरंचसं बरोबर असतं, आणि त्याने आमच्या पोरांना धाक राहतो. हे मी फायद्यात धरतो.

तोटा वेगळ्याच ठिकाणी होतो. चिमूटभर यांनी वेळेचं लिहिलंय ते मी रोज बघतो. टीव्हीवर अर्ध्या तासात तीन कोर्स बघितलेल्या माणसाला वीस मिनिटं जास्त वाटतात. त्याला हे दिसत नाही, की बारा मिनिटांत त्याच्यापुढे जी प्लेट येते तिचा सॉस सकाळी सातपासून आटतोय. भाज्या अकराला चिरून झाल्यात, मांस आदल्या रात्रीपासून मुरतंय. हॉटेलचं बहुतेक काम दार उघडायच्या आधी संपलेलं असतं. सर्व्हिस म्हणजे नुसतं जोडणं, गरम करणं आणि पासवरून (तयार प्लेटा ठेवायचा ओटा) बाहेर पाठवणं. टीव्ही नेमकी सर्व्हिस दाखवतो, कारण आरडाओरडा तिथे असतो. सकाळची पाच तासांची सोलणी-चिरणी दाखवली तर कोण बघेल?

दुसरं, प्लेटिंग, म्हणजे प्लेट सजवणं. चिमट्याने पानं लावायची फॅशन पडद्यावरूनच आली. एका प्लेटवर दीड मिनिट जास्त गेलं तर काय होतं, ते शनिवारी रात्री समजतं. ऐंशी प्लेटींचे झाले दोन तास. ते एका माणसाचे दोन तास आहेत आणि पगार मी देतो. आमच्या धंद्यात मालाचा खर्च विक्रीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवावा लागतो, मजुरीचाही जवळपास तेवढाच. उरलेल्यात भाडं, गॅस, वीज, तुटफूट. त्यात पानं लावणारा माणूस कुठे बसवू?

आता हॉटेल टीव्हीवर झळकलं की काय होतं ते. ओळखीच्या एका मालकाकडे कॅमेरा येऊन गेला. नाव सांगत नाही. कार्यक्रमात त्याचा एकच पदार्थ दाखवला. तो प्रसारित झाल्यावर बाहेर रांगा. प्रत्येक केओटीवर (किचनमध्ये जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) तोच पदार्थ. लक्षात घ्या, किचन स्टेशनमध्ये वाटलेलं असतं. ग्रिलवर एक, सॉतेवर (परतायच्या पॅनवर) एक, थंड पदार्थांवर एक. मेन्यू असा आखलेला असतो, की ऑर्डरी सगळ्या स्टेशनांवर विभागल्या जाव्यात. सगळ्यांनी एकच पदार्थ मागितला की एक स्टेशन बुडतं आणि बाकीचे दोघे हात बांधून उभे. ग्रिलवरचा पोरगा तीन आठवड्यांत सोडून गेला. रोजची गिऱ्हाइकं टेबल मिळेना म्हणून दुसरीकडे वळली. मालकाने माणसं वाढवली, शेजारचा गाळा घेतला. सात-आठ महिन्यांत रांग ओसरली, कारण फोटोसाठी आलेला माणूस परत येत नाही. गाळ्याचं भाडं मात्र चालू. अमेरिकेत गाय फिएरी नावाचा टीव्हीवरचा शेफ २००७ पासून छोट्या खाणावळी शोधत फिरतो, त्याने कित्येकांचं भलं केलंय, नाकारत नाही. पण ज्यांनी लाट ओसरेल हे धरून चालवलं तेच टिकतात.

रोमात_असतो:
काका, एका स्टेशनचं गणित डोक्यातच आलं नव्हतं कधी. आता हॉटेलात गेल्यावर चारही जण एकच पदार्थ मागवणार नाही.

गल्ल्यावरचा:
चार जणांनी मागवा हो, एका पॅनमध्ये होतं. अख्ख्या हॉटेलने मागवू नये.

कॅमेऱ्यामागे:
मी अशा कार्यक्रमांच्या सेटवर काम केलंय, वाहिनीचं नाव देत नाही. चिमूटभर यांच्या 'कापलेल्या वेळे'बद्दल आतलं थोडं.

शिकवणाऱ्या कार्यक्रमात एक पदार्थ किमान चार अवस्थांत तयार असतो. साहित्य चिरलेलं, अर्धवट झालेला, पूर्ण झालेला, आणि एक फक्त फोटोसाठी राखलेला, त्याला आम्ही 'हीरो' म्हणतो. मागच्या खोलीत दुसरी शेगडी असते, तिथे दोन-तीन माणसं हे सगळं करत असतात. निवेदक 'आता हे वीस मिनिटं शिजू द्या' म्हणतो आणि खाली वाकतो, तेव्हा पलीकडून भांडं सरकवणारा हात आमच्यापैकी कुणाचा तरी असतो. यात लबाडी नाही. पण मागे तीन माणसं राबत असतात हे प्रेक्षकाला कधी सांगितलं जात नाही, आणि तो घरी एकटा असतो.

स्पर्धांत घड्याळ बहुधा खरं असतं. गडबड त्यानंतरची. वेळ संपली की प्लेटा तशाच ठेवायच्या. मग कॅमेरे फिरणार, प्रत्येक प्लेटचं चित्रण, स्पर्धकांच्या मुलाखती, दिवे पुन्हा लावणं. परीक्षक मुख्य टेबलावर बसून चाखतात तोवर अन्न थंड पडलेलं असतं, सॉसवर साय धरते. म्हणून परीक्षक स्वयंपाक चालू असतानाच प्रत्येकाच्या ओट्यापाशी हिंडून चमचा घालतात. बघणाऱ्याला वाटतं ताण वाढवायला फिरतायत. खरं चाखणं बरंचसं तिथेच होतं.

आवाज तर विचारूच नका. गरम तेलात पडणारा तो 'चर्र' आणि कडक पावावर चालणारी सुरी, यासाठी माइक वेगळा. बघणाऱ्याला वास येत नाही, चव लागत नाही, तर दोन्हींची भरपाई कानाने करायची. घरच्या पॅनमधून तसा आवाज येत नाही म्हणून आच वाढवणारे आणि लसूण करपवणारे लोक मला माहीत आहेत.

झाकणझुला:
जरा अवांतर. ते बोट चाटून पुन्हा भांड्यात घालतात त्याचं काय? माझ्या मुलाने तीच सवय उचलली आहे.

तळटीप:
अवांतर नाहीच. कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीने २४ नामवंत शेफच्या १०० भागांची यासाठीच तपासणी केली होती. २३ टक्के शेफ बोटं चाटताना आढळले. २० टक्क्यांनी केसांना किंवा मळक्या कपड्यांना हात लावून मग अन्नाला लावला. कच्चं मांस हाताळल्यावर हात न धुणं हेही त्यात आहे. ज्युलिया चाइल्ड कोंबडी नळाखाली धुवायच्या, तेव्हा तोच रिवाज होता. ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने २०१४ मध्ये मोहीम काढून सांगितलं, की कच्ची कोंबडी धुऊ नका. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सिंकभर पसरतात.

कॅमेऱ्यामागे:
हात धुतात हो, निदान आमच्याकडे तरी. पण एडिटिंगच्या टेबलावर पहिली कात्री हात धुण्यावरच चालते. तेवीस सेकंद साबण कोण दाखवणार? चाखायला दर वेळी नवा चमचा असतो, तोही कापला जातो. बोट चाटण्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. दिग्दर्शकांना ते आवडतं.

गल्ल्यावरचा:
माझ्या किचनमध्ये कुणी बोट चाटलं तर त्या दिवशी तो भांडी घासतो.

शिकाऊ पोरांवरून आठवलं. पूर्वी शेफ व्हायचंय म्हटलं की घरचे हसायचे. आता हसत नाहीत, कौतुक करतात. हे टीव्हीचं उपकाराचं काम. अर्जांचा ढीग पडतो. पण पहिल्या दिवशी बटाट्याचं पोतं आणि सोलाणं हातात दिलं की चेहरे बघण्यासारखे होतात. एकाने विचारलं, "सर, माझी सिग्नेचर डिश कधी करायची?" म्हटलं, आधी हे पोतं संपव. दुसऱ्या आठवड्यात आला नाही. जे राहतात ते पक्के होतात. तरी पण उभं राहणं, भाजणं, सणासुदीला सुट्टी नाही, हे त्यांना आधी कुणी दाखवलेलंच नसतं. टीव्हीने दाखवला तो शिव्या देणारा शेफ. मग काहींना वाटतं शिव्या देणं हाच शेफचा गुण. माझ्याकडे एक सू-शेफ (मुख्य शेफच्या हाताखालचा) असाच आला होता, सगळं किचन त्याच्यामुळे रिकामं व्हायची वेळ आली. शेवटी त्यालाच घरी पाठवला.

शिळोप्याचा:
गॉर्डन रॅम्झी हा शेफ बुडती हॉटेलं सावरायला जातो त्या 'किचन नाइटमेअर्स'वर काका काय म्हणतात? हॉटेलं सुधारतात की आठवड्यात पुन्हा बुडतात?

गल्ल्यावरचा:
बघतो मी. ते ब्रिटनमध्ये २००४ ला सुरू झालं, अमेरिकेत २००७ ला. त्यातली बरीच हॉटेलं पुढे बंद पडली, यावर लोक हसतात. मला हसू येत नाही. स्वतःचं घाणेरडं फ्रीज जगाला दाखवायला जो मालक तयार होतो तो आधीच गळ्यापर्यंत बुडालेला असतो. कर्ज, थकलेलं भाडं, माल देणाऱ्यांची उधारी. हे रंग बदलून आणि नवा बोर्ड लावून जात नाही.

पण रॅम्झी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी करतो ते मेन्यू छाटणं, ते शंभर टक्के बरोबर. ऐंशी पदार्थांचं कार्ड म्हणजे ऐंशी पदार्थांचा माल साठवून ठेवायचा. त्यातला निम्मा रोज खपत नाही, मग फ्रीझर, मग शिळं, मग फेकाफेक. पंधरा-वीस पदार्थ ठेवले की माल फिरतो, पोरांचा हात बसतो, केओटी लवकर सुटते. हे मी त्याच्याकडून शिकलो असं नाही म्हणणार, पण माझ्या भागीदाराला पटवायला मी दोन भाग त्याला दाखवले होते. माझं वर्षभर ऐकलं नाही, रॅम्झीचं तासाभरात ऐकलं.

चिमूटभर:
हे भारी आहे.

या निमित्ताने नावाच्या वजनाचं बोलू. जेमी ऑलिव्हरचा उल्लेख वर झालाय. २००५ च्या त्याच्या शाळांतल्या जेवणावरच्या मालिकेनंतर ब्रिटिश सरकारला शाळेच्या जेवणासाठी २८ कोटी पौंड जाहीर करावे लागले. एवढी त्या चेहऱ्याची ताकद. त्याच माणसाने २००८ मध्ये ऑक्सफर्डला 'जेमीज इटालियन' काढलं, साखळी फोफावली, आणि मे २०१९ मध्ये त्याच्या समूहाची ब्रिटनमधली २५ पैकी २२ हॉटेलं एका दिवसात बंद झाली. सुमारे १००० नोकऱ्या गेल्या. भाडी, कर, स्पर्धा, सगळी कारणं होती. पण मला वाटतं, चेहऱ्याने गिऱ्हाईक पहिल्यांदा आत येतं. दुसऱ्यांदा आणायला त्या दिवशी आत उभ्या असलेल्या, नाव माहीत नसलेल्या कुकचा हात लागतो. तो टीव्हीवर नसतो.

उलट उदाहरण थॉमसिना मायर्स. २००५ ची ब्रिटिश मास्टरशेफ विजेती. जिंकल्यावर लगेच पाटी लावली नाही, आधी दुसऱ्याच्या किचनमध्ये राबली. मग भागीदार मार्क सेल्बीबरोबर २००७ मध्ये लंडनला 'वहाका' हे हॉटेल सुरू केलं. म्हणजे टीव्हीवरून आलेल्या माणसाला धंदा जमत नाही असंही नाही.

तळटीप:
सहमत. मात्र मायर्सबाईंसारख्या एखाद्याच. स्पर्धा जिंकणं म्हणजे दोन प्लेटा उत्तम करणं. हॉटेल म्हणजे तीच प्लेट दोनशेव्यांदा पहिल्यासारखी करणं. घरी छान रांधणाऱ्या माणसाला पाहुणे म्हणतात 'तू हॉटेल काढ', आणि टीव्ही त्यावर शिक्का मारतो. या शिक्क्यापायी किती जणांची पुंजी गेली असेल!

गल्ल्यावरचा:
माझ्याकडे असे लोक सल्ला मागायला येतात. मी म्हणतो, आधी महिनाभर माझ्याकडे फुकट उभे राहा. बहुतेक दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाहीत. त्यांचे पैसे वाचले, असं मी धरतो.

हाताची_घडी:
सगळे प्रतिसाद वाचले. मी अगदीच नवशिका आहे, कार्यक्रम बघून सुरुवात केली आहे. माशाचा तुकडा कातडीच्या बाजूने कुरकुरीत करायचा होता. स्पर्धेत करतात तसाच केला. कातडी सगळी पॅनला चिकटली, वरचा मासा हातात आला. काय चुकलं असेल?

उलथणं:
पॅन कुठला आहे?

हाताची_घडी:
स्टीलचा, जाड बुडाचा. फायनलमध्ये त्या मुलीकडे होता तसाच मुद्दाम शोधून आणला.

उलथणं:
हं. वर तळटीप कपाटाबद्दल काहीतरी म्हणाले होते, पण जाऊ द्या. स्टील चालेल.

मासा फ्रीजमधून काढून कागदी रुमालाने दोन्ही बाजूंनी टिपा. ओला वाटला तर पुन्हा टिपा. ही पायरी टीव्हीवर दिसत नाही, ती आधीच झालेली असते. पॅन रिकामा तापवा, मग तेल, तेल पातळ होऊन सहज फिरायला लागलं की मीठ लावून मासा कातडी खाली करून ठेवा. ठेवताच तो वाकतो, तेव्हा उलथण्याने दहा-पंधरा सेकंद सपाट दाबून धरा. मग आच मध्यम. आणि आता हलवू नका. चिकटलाय असं वाटेल, कारण सुरुवातीला तो चिकटतोच. कातडी कुरकुरीत झाली की आपोआप सुटते. कडेला उलथणं सरकवून बघा, सुटत नसेल तर अजून एक मिनिट थांबा. माशाचा रंग कडेने खालून वर पांढरट होत येताना दिसेल, तीन-चतुर्थांश वर आला की उलटा, दुसऱ्या बाजूला अर्धं-पाऊण मिनिट पुरे. झाकण ठेवू नका, वाफेने सगळी कातडी मऊ पडेल. पुढच्या वेळी कसा झाला ते इथेच लिहा.